न्याहारीचा कातळ आणि सहा पांढरे चौकोन

एक कोडं घालते. मोरखोलचा सडा केवढा, तर पार समुद्राच्या कड्यापर्यंत पसरलेला, लांबच लांब जांभा दगड. त्यावर चाळीस सारखे चौकोन आखले. तर यातल्या एकाच चौकोनात सड्यावरचे बहुतेक सगळे प्राणी, पक्षी, कीटक आणि फुलं का राहत असतील? तिथे झरा नाही, झाड नाही, सावलीसुद्धा नाही. आहे तो फक्त एक सपाट, बसायला बरा असा कातळ.

उत्तर येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयातल्या संगणकालाही आलं नव्हतं. आणि त्याला ते येऊ नये याची पूर्ण व्यवस्था मी स्वतः, म्हणजे शर्वाणी गुरव, इयत्ता सातवी, हिने केली होती.

आमच्या गावात मोरखोल निसर्ग मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सड्यावर फिरायला जातो. पुढे पेडणेकर सर. ते शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पण निवृत्त झाल्याचं त्यांच्या आवाजाला अजून कोणी कळवलेलं नाही. दिसलेली प्रत्येक गोष्ट मंडळाच्या नोंदवहीत लिहायची, हा त्यांचा नियम. अशा अठरा वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. मागच्या उन्हाळ्यात जिल्ह्याचा नवा निसर्ग-नकाशा तयार होणार असं कळलं, तेव्हा मीच हात वर केला. सगळी सुट्टी बसून चार हजार आठशे नोंदी संगणकात भरल्या. तक्त्यात तीन रकाने होते. काय दिसलं, कुठे दिसलं, कोणत्या तारखेला दिसलं. शेवटची नोंद भरली त्या दिवशी मी घरात इतकी मिरवले की आईने मला तीनदा टोकलं.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी तो नकाशा आला. तो घेऊन आला कार्यालयाचा सर्वेक्षक रोबो. तीन लांब, काटकुळे पाय, वर लहानसं डोकं आणि खडकावरून तुरुतुरु चालण्याची पद्धत. पोरांनी पाच मिनिटांत त्याचं नाव टिटवी ठेवलं. त्याने ते नम्रपणे लिहून घेतलं.

ग्रंथालयाच्या भिंतीवर टिटवीने नकाशा उजळवला. चाळीस चौकोन. एक गडद हिरवागार, बाकीचे फिकट, आणि पश्चिमेकडचे तर जवळजवळ पांढरे.

"मोरखोल सड्यावरच्या दर शंभर नोंदींपैकी बहात्तर नोंदी या एका चौकोनातल्या आहेत," टिटवी म्हणाली. "हा चौकोन राखला जाईल. पश्चिमेकडचे चौकोन रिकामे असल्याने तिथे मालवाहू ड्रोनतळ करायचा प्रस्ताव आहे. औषधं आणि रक्त वाड्यावाड्यांवर लवकर पोहोचेल. सोमवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. त्याच दिवशी निर्णय."

तो हिरवा चौकोन म्हणजे आमचा न्याहारीचा कातळ. फिरताना आम्ही तिथे बसून डबे उघडतो.

"अहो, पण पश्चिमेचं टोक रिकामं कसं असेल?" पेडणेकर सर उठून उभेच राहिले. "तिथे कीटक खाणाऱ्या दवबिंदूची रोपं आहेत! चंडोल आहेत!"

"तुमच्याच वह्यांमध्ये तिथल्या फक्त सत्तावीस नोंदी आहेत, सर. न्याहारीच्या कातळावरच्या तीन हजार चारशे छप्पन्न."

सर खाली बसले. त्यांचा आवाज एवढा लहान झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. "आमच्याच वह्या," ते म्हणाले.

मला रडू आलं. खरंच आलं. वह्या त्यांच्या होत्या, पण भरल्या मी होत्या. माझ्या मिरवलेल्या चार हजार आठशे नोंदींमुळे आमच्या सड्यावर काँक्रीट ओतलं जाणार होतं, आणि ते थांबवायला हातात साडेतीन दिवस होते.

शुक्रवारी शाळेत लक्ष लागेना. तेवढ्यात फळ्यावर 'बडबड करणारी मुलं' या मथळ्याखाली माझं नाव आलं. हे रोजचंच. आमचा मॉनिटर विहंग कदम दुसऱ्या बाकावर बसतो, मी त्याच्या शेजारच्या बाकावर. मागच्या बाकांवर दिवसभर मासळी बाजार भरलेला असतो, पण त्यांची नावं कधीच नाहीत.

"मागचे बोलत नाहीत का?" मी चिडून विचारलं.

"बोलत असतील," विहंग म्हणाला. "मला काय माहीत? मी मागे कुठे बघतो?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग भर वर्गात "अरे देवा!" असं ओरडले आणि फळ्यावर माझ्या नावापुढे फुली पडली. पडू दे!

शाळा सुटताच मी ग्रंथालय गाठलं. टिटवी कोपऱ्यात पाय दुमडून बसली होती.

"फळ्यावर माझं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं," मी धापा टाकत म्हणाले. "म्हणून मी सगळ्यात जास्त बोलते असं होतं का? मॉनिटर माझ्याकडेच बघतो, म्हणून माझं नाव येतं! तसंच कातळाचं. आम्ही तिथे बसतो. हात डब्यात, पण डोळे मोकळे. मग तिथलं सगळं दिसतं आणि लिहिलं जातं. बाकीच्या सड्यावरून आम्ही नुसते चालत जातो."

टिटवीच्या डोक्यावरचा दिवा दोनदा लुकलुकला. "या गोष्टीला निरीक्षण-प्रयत्न (बघण्यासाठी खर्च केलेला वेळ आणि वापरलेले डोळे) म्हणतात. तुझं म्हणणं असं, की माझ्या नकाशात प्राणी कुठे आहेत हे दिसत नाही. माणसं कुठे बसतात हे दिसतं."

"हो!"

"हे शक्य आहे. तपासता येईल. नोंदींना वेळेने भागायचं, म्हणजे दर (ठरावीक वेळात किती दिसलं, तो आकडा) मिळेल. पण प्रत्येक चौकोनात तुम्ही किती मिनिटं होता, हे तक्त्यात नाही."

"तक्त्यात तसा रकानाच नव्हता."

"मग अठरा वर्षांची मिनिटं आता कुठून आणायची?"

माझं अवसानच गळालं. कोण लिहून ठेवणार असलं काही? आणि मग मला घाडीकाकू आठवल्या.

घाडीकाकू म्हणजे आमच्या मंडळाचं शेपूट. रांगेत सगळ्यात शेवटी त्या असतात, कोणी मागे राहू नये म्हणून. सत्तावीस वर्षं त्या एस.टी.त कंडक्टर होत्या आणि निवृत्तीनंतरही त्यांची गाडी चालूच आहे. आम्ही थांबलो की त्या पिशवीतली पितळी घंटी एकदा वाजवतात, निघायचं असलं की दोनदा. आणि प्रत्येक वेळी एका लांबट वहीत काहीतरी लिहितात. त्या वहीला आम्ही सगळे हसायचो. सर तर तिला 'डबा-वही' म्हणायचे, कारण त्यात कोणी काय आणलं होतं तेही असायचं.

काकू अंगणात पावसाळ्यात सादळलेली आमसुलं पुन्हा वाळत घालत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"वही होय गो?" त्या म्हणाल्या. "एक नाही, चौदा आहेत. पण त्यात काय शास्त्र? माझी आपली सवय. गाडी थांबली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची. नाही लिहिलं तर जेवण जात नाही मला."

त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. पहिल्या वहीचं पहिलं पान असं होतं:

थांबा: पाणवठा. आलो ६.५२. सुटलो ६.५८.
थांबा: न्याहारीचा कातळ. आलो ७.२०. सुटलो ८.४५. दडपे पोहे (सौ. पेडणेकर), खोबरं कमी.

मी काकूंना मिठीच मारली. आमसुलांचे हात त्यांनी माझ्या पाठीला पुसले की काय, कोण जाणे, पण फ्रॉकवरचे ते जांभळे डाग अजून गेलेले नाहीत.

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा अख्खा दिवस आम्ही ग्रंथालयात मिनिटं मोजली. काकू वाचायच्या, मी बेरीज करायचे, टिटवी तपासायची. पेडणेकर सर दारात उभे राहून ऐकत होते.

"न्याहारीला आपण अर्धा तास बसतो," ते म्हणाले. "फार तर पस्तीस मिनिटं."

"सरासरी ऐंशी," टिटवी म्हणाली.

"अशक्य!"

"घावन्यांच्या दिवशी एक तास पंचावन्न मिनिटं," काकूंनी बोट ठेवून दाखवलं. "तुम्ही सात खाल्लेत. तेही लिहिलंय."

सर चष्मा पुसू लागले.

आता तुम्हीही माझ्याबरोबर हिशेब करा, सोपा आहे. अठरा वर्षं, वर्षाला बारा फेऱ्या, म्हणजे दोनशे सोळा फेऱ्या. प्रत्येक फेरीत न्याहारीच्या कातळावर ऐंशी मिनिटं. एकूण सतरा हजार दोनशे ऐंशी मिनिटं. तेवढ्या वेळात तीन हजार चारशे छप्पन्न नोंदी. म्हणजे दर दहा मिनिटांना दोन.

आणि पश्चिमेचं टोक? न्याहारी होईतो ऊन चढायचं, म्हणून तिथपर्यंत आम्ही अठरा वर्षांत फक्त नऊ वेळा पोचलो होतो. सगळी मिळून पंचेचाळीस मिनिटं. नोंदी सत्तावीस. म्हणजे दर दहा मिनिटांना सहा!

दोनाच्या जागी सहा. जो चौकोन पांढरा म्हणून हिणवला, तो न्याहारीच्या कातळाच्या तिप्पट भरलेला निघाला. त्यातही कातळावरच्या नोंदींत चारशे बारा कावळे होते, आणि ते कशासाठी यायचे हे सौ. पेडणेकरांच्या पोह्यांना विचारा.

"अजून एक गोष्ट," टिटवी म्हणाली. "या सहा चौकोनांत तुमच्या नोंदी शून्य आहेत. वहीप्रमाणे मिनिटंही शून्य. अठरा वर्षांत तिथे कोणाचं पाऊलच पडलेलं नाही."

"शून्य भागिले शून्य," मी म्हणाले. "मग उत्तर शून्य?"

"नाही. शून्याने भागता येत नाही. त्याचं उत्तर 'माहीत नाही' असं आहे. मी मात्र त्यांना पांढरा रंग देऊन 'रिकामे' म्हटलं." तिने भिंतीवरच्या त्या चौकोनांवर दिवा रोखला. "बघितलं आणि सापडलं नाही, ही एक गोष्ट. बघितलंच नाही, ही दुसरी. मी दोन्हींना एकच रंग दिला. ही माझी चूक."

रोबो चूक कबूल करतो तेव्हा फार बरं वाटतं, कारण माणसांना ते जमायला वेळ लागतो. मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

पण टिटवी पुढे म्हणाली, "पंचेचाळीस मिनिटं म्हणजे फार छोटा नमुना (मोठ्या गोष्टीतून मोजण्यापुरता घेतलेला भाग). अधिकारी म्हणतील, त्या नऊ दिवशी नशीब चांगलं होतं. आणि त्यांचं चुकणार नाही. सगळीकडे सारखंच बघून दाखवावं लागेल."

"उद्या रविवार आहे," सर एकदम वळून म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "उद्या बघू! सारखा वेळ, सारखे डोळे. कुठे बघायचं ते मी ठरवतो."

"तुम्ही ठरवायचं नाही, सर," मी म्हणाले. जीभ चावली, पण बोलून गेले होते. "तुम्ही ठरवलंत तर तुमच्या आवडीच्या जागाच येतील. पुन्हा मॉनिटरसारखंच होईल."

सर माझ्याकडे रोखून बघत राहिले. मग म्हणाले, "चिठ्ठ्या टाका."

चाळीस चिठ्ठ्या काकूंच्या रिकाम्या डब्यात घालून हलवल्या आणि टिटवीने तिच्या चिमट्याने दहा उचलल्या. त्यांत सहा अनोळखी चौकोनांपैकी दोन आले. तुलनेसाठी न्याहारीचा कातळ अकरावा. प्रत्येक ठिकाणी आठ माणसं, दहा मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. आणि डबे घरी ठेवायचे.

"घरी?" सरांनी विचारलं.

"घरी," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी सडा नुसता फुलला होता. गेंदाचे पांढरे गोंडे, सीतेच्या आसवांचे जांभळे पट्टे. पण आज कोणी मधेच रेंगाळायचं नव्हतं. काकूंची घंटी एकदा वाजली की वाकायचं, दोनदा वाजली की पेन खाली. पहिल्या चौकोनात तेरा नोंदी. दुसऱ्यात फक्त एक, तीही गोगलगाय. मला वाटलं ती वगळावी, पण टिटवी म्हणाली, "तीही लिही. आपल्याला नको असलेला आकडा खोडला, की बाकीच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही." लिहिली.

न्याहारीच्या कातळावर दहा मिनिटांत नऊ. कावळे ताटकळत बसले होते आणि आम्ही रिकाम्या हातांनी निघालो तेव्हा त्यांनी केलेला आरडाओरडा सांगण्यासारखा नव्हता.

मग पश्चिमेचा पहिला अनोळखी चौकोन. घंटी वाजली. चंडोल उडाला, एक. दवबिंदूंची लाल चटई, दोन. पाण्याने भरलेल्या वीतभर खळग्यात पारदर्शक कोळंबीसारखे पोहणारे जीव, तीन. चार, सात, बारा. मी लिहीपर्यंत दुसरा ओरडायचा. आठव्या मिनिटाला माझ्यासमोर एक सुटा दगड आला. मंडळाचा नियम असा, की दगड आपल्याकडे कलता उचलायचा आणि होता तसाच परत ठेवायचा. मी हळूच उचलला.

खाली ओल्या मातीत एक वेटोळं होतं. गांडुळासारखं, पण जाड, चकचकीत, जांभळट. आणि त्या वेटोळ्याच्या मधोमध साबुदाण्यासारखी अंडी.

"सर," मी कुजबुजले.

पेडणेकर सर गुडघ्यांवर बसले. "देवगांडूळ," ते म्हणाले. "हे गांडूळ नव्हे बाळा, हा उभयचर (बेडकासारखा, पाणी आणि जमीन दोन्हींशी नातं असलेला प्राणी). पायच नसलेला. आई अंड्यांना राखत बसली आहे. अठरा वर्षं मी याला शोधतोय." त्यांचे डोळे भरून आले. "आणि अठरा वर्षं मी पोहे खात बसलो."

टिटवीने फोटो घेतला. मी दगड होता तसा ठेवला. टिंग टिंग. दहा मिनिटं संपली. नोंदी सव्वीस. दुसऱ्या अनोळखी चौकोनात एकवीस.

सोमवारी अकरा वाजता सावर्डेकर मॅडम, म्हणजे नियोजन अधिकारी, समोर बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि फळ्यावरच्या नावांपासून सुरुवात केली. मग चौदा वह्या टेबलावर ठेवल्या. गोगलगायीचा चौकोनही दाखवला.

मॅडमनी टिटवीला विचारलं, "तुझं मत?"

"माझा आधीचा नकाशा माणसांच्या बसण्याचा होता," टिटवी म्हणाली. "तो मी मागे घेते. गावाच्या मागची चिरेखाण गेली अकरा वर्षं बंद आहे. जमीन आधीच सपाट. मी काल संध्याकाळी तिथेही दहा-दहा मिनिटं चार ठिकाणी बघितलं. नोंदी एकूण तीन. ड्रोन तिथून उडू शकतील."

मॅडम बराच वेळ एका वहीची पानं उलटत राहिल्या. "घावन्यांबरोबर चटणी कसली होती, ते नाही लिहिलं," त्या म्हणाल्या.

"लसणीची," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं."

मॅडम हसल्या आणि त्यांनी सही केली. ड्रोनतळ चिरेखाणीत. अख्खा सडा, चाळीसच्या चाळीस चौकोन, राखीव. आम्ही जो जल्लोष केला, तो कार्यालयाच्या शिस्तीत बसणारा नव्हता. सरांनी टिटवीचा पाय हातात घेऊन हस्तांदोलन केलं आणि मग काकूंकडे जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या वहीला मी हसलो. ती माझी चूक."

जाताना मॅडमनी आणखी एक काम केलं. जिल्ह्याच्या तक्त्यात चौथा रकाना वाढवला: किती वेळ बघितलं? आणि नकाशाला एक नवा रंग मिळाला. राखाडी, म्हणजे 'अजून बघितलेलं नाही'. तो रंग लागल्याबरोबर अर्धा जिल्हा राखाडी झाला. मला तर आनंदच झाला. एवढं सगळं बघायचं शिल्लक आहे आणि मी फक्त बारा वर्षांची आहे!

संध्याकाळी मंडळ पुन्हा सड्यावर गेलं, यावेळी डब्यांसकट. न्याहारीच्या कातळावर कोणी बसलंच नाही. सगळे थेट पश्चिमेच्या टोकाला, समुद्र दिसतो तिथे. काकूंनी घंटी एकदा वाजवली, पिशवीतून कोरी पंधरावी वही काढली आणि माझ्या हातात दिली.

"लिही गो. आजपासून तू."

मी लिहिलं: थांबा: पश्चिमेचं टोक. आलो ५.४०.

"आणि सुटलो किती वाजता, ते निघताना लिहू?" मी विचारलं.

काकूंनी घंटी पिशवीत टाकली आणि पाय पसरून खडकावर बसल्या.

"आज तो रकाना कोरा ठेव," त्या म्हणाल्या. "इथून आता आपल्याला कोण उठवतंय?"